साठ अंशांवरची लोकर

बायको गेली तो मंगळवार होता. नुकसान कळलं तो त्यानंतर सोळा दिवसांनी आलेला गुरुवार. या दोन दिवसांची गल्लत करू नये. मंगळवारी अख्ख्या इमारतीने फोरमनच्या दारात चपला काढल्या आणि डोळे पुसले. गुरुवारी फोरमनने वॉशिंग मशीनचं दार उघडलं, आत हात घालून मास्तरांचा स्वेटर बाहेर काढला आणि समोर धरून पाहिला. तो एखाद्या माकडाला नीट बसला असता. मोठ्या नव्हे, मध्यम माकडाला.

फोरमन हा त्याचा हुद्दा. कारखान्याच्या बॉयलरवर त्याने बत्तीस वर्षं काढली होती. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी इमारतीत त्याला कुणी दुसऱ्या नावाने हाक मारत नसे. त्यालाही ते आवडायचं. पाणी, वाफ आणि उष्णता या तीन गोष्टींत आपल्याला कुणी शिकवायचं नाही, असं तो म्हणायचा. कुणी शिकवायला जातही नव्हतं.

त्याची बायको लोकरीचे कपडे हाताने धुवायची. आधी घरचे, मग शेजारणीची एक शाल, मग हळूहळू सगळ्या इमारतीचे. थंडी सरली की दाराशी वेताची टोपली भरायची. ती रोज एकच कपडा घ्यायची. निळ्या टबात पाणी, त्यात कोपर बुडवून बघायचं, मग थोडा शाम्पू. कपडा चोळायचा नाही, पिळायचा नाही, नळाच्या धारेखाली धरायचा नाही. लहान मुलाला पाण्यात बसवतात तसा बसवायचा, दाबायचा, सोडायचा. खळबळायचं पाणीही तेवढंच कोमट. मग टॉवेलात गुंडाळून त्यावर गुडघा टेकायचा आणि शेवटी पलंगावर आडवा पसरायचा. दोरीवर कधीच नाही. रोज पलंगाची एक बाजू कुणाच्या तरी स्वेटरची, आणि फोरमन उरलेल्या जागेत कुशीवर.

एकदा तो वैतागून म्हणाला होता, "कपडे धुतेस की बाळंतपण करतेस?"

"बाळंतपणात तुम्ही जेवढी मदत केलीत तेवढीच इथे करा," ती म्हणाली. "बाहेर बसा."

तो बाहेर बसला. तीस वर्षं बसला.

ती गेली तेव्हा टोपलीत नऊ कपडे होते. आता दुःखाच्या घरात कपड्यांची चौकशी करायची नसते हे इमारतीतल्या लोकांना कळत होतं, म्हणून ते आधी दुःखाची चौकशी करायचे आणि मग कपड्यांची. चौथ्या दिवशी दातांच्या डॉक्टरची बायको आली. पाऊण तास बसली. वहिनींसारखं माणूस होणे नाही, असं तीन वेळा म्हणाली आणि उठताना टोपलीकडे बघून म्हणाली की तिचा तो परदेशातून आणलेला कोट कुठे दाबला जात नाही ना, एवढंच बघायचं होतं. विमा एजंट आला. माणसाचा काही भरवसा नाही, यावर त्याचं बोलणं धंद्याच्या सवयीने बरंच लांबलं. जाता जाता त्याने आठवण करून दिली की त्याचा स्वेटर मेंढीच्या पाठीवरून थेट आलेला आहे, मध्ये कारखाना नाही. असे सातही जण येऊन गेले. प्रत्येकाचा हात फोरमनच्या खांद्यावर आणि डोळा टोपलीवर. आली नाहीत ती दोन माणसं. एक फाटकावरचा म्हातारा रखवालदार, कारण त्याला वर यायला वेळ नव्हता. आणि दुसरे मास्तर, कारण त्यांनी बायकोला पाठवलं.

मास्तर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचा राखी स्वेटर त्यांच्या आईने विणलेला, चाळीस वर्षांचा. प्रत्येक समारंभाला तो त्यांच्या अंगावर असायचाच. मास्तरीणबाईंनी सांगितलं की येत्या रविवारी जुने विद्यार्थी मास्तरांचा सत्कार करणार आहेत, फोटो निघणार आहेत. "पण तुम्ही मुळीच घाई करू नका," त्या म्हणाल्या. "रविवारच्या आत मिळाला की झालं."

फोरमनला राग आला. तिची टोपली रिकामी करून टाकावी, ज्याचं त्याला देऊन टाकावं आणि दार लावून बसावं, असं त्याला वाटलं. मुलीने दोन वर्षांपूर्वी पाठवलेलं मशीन घरात होतंच. बायको त्यात फक्त चादरी आणि त्याचे पायजमे टाकायची. रोज एक कपडा, म्हणजे नऊ दिवस. मशीनमध्ये एकच तास. बायकांना कामं लांबवायची सवय असते, असं मनाशी म्हणत त्याने नऊच्या नऊ कपडे आत कोंबले, कपड्यांची पावडर दोन मुठी जास्त टाकली आणि बटण साठ अंशांवर फिरवलं. थंड पाण्यात मळ निघत नाही, हे बॉयलरवरचा कुणीही सांगेल.

आणि मग तो गुरुवार उजाडला, म्हणजे दुपारी अडीच वाजता उजाडला.

स्वेटर नुसता लहान झाला नव्हता. त्याचे टाके एकमेकांत मिसळून गेले होते, तो पुठ्ठ्यासारखा जाड झाला होता आणि टेबलावर ठेवला तर आपल्या पायांवर उभा राहिला असता. रखवालदाराच्या मफलरचा पट्टा झाला होता. फोरमनने छातीवर दगड ठेवून बाकीचे बाहेर काढले. डॉक्टरीणबाईंचा परदेशी कोट जसाच्या तसा. विमा एजंटाचा मेंढीवरून थेट आलेला स्वेटर जसाच्या तसा, उलट थोडा चकचकीत. सातही कपड्यांना काही झालं नव्हतं. फोरमन लोकर शिकला नव्हता, पण अडाणीही नव्हता. त्याच्या ध्यानात आलं की अख्ख्या इमारतीत खरी लोकर दोघांकडेच होती. एक मास्तर, आणि दुसरा फाटकावरचा रखवालदार. बाकी सगळं नायलॉन होतं आणि झाकली मूठ होती.

पण हसायला वेळ नव्हता. उद्या मास्तर स्वेटर न्यायला येणार होते.

संध्याकाळी मेहुणी आली. बायकोची ही धाकटी बहीण रोज त्याच्यासाठी डबा आणि सोबत सल्ला घेऊन यायची. डबा ठीक असायचा. तिने स्वेटर बघितला, हाताने खेचून बघितला आणि निकाल दिला.

"भाऊजी, सांगा की ताईनेच धुतला होता. जायच्या आदल्या दिवशी. हात थरथरत होता, पाणी गरम झालं, काय करणार."

"तिने असं कधी केलं नसतं."

"तिला कोण विचारायला जाणार आहे? गेलेल्या माणसाला काय लागतं? उद्या मास्तर जिन्यात उभे राहून तुमची शिकवणी घेतील, ती तुम्हाला सोसणार आहे का?"

फोरमनने स्वेटर तिच्या हातातून काढून घेतला. पण दुसऱ्या दिवशी मास्तर दारात उभे राहिले, तेव्हा तेच वाक्य त्याच्या तोंडातून जसंच्या तसं बाहेर पडलं. थरथरत्या हातासकट. मास्तरांनी तो स्वेटर दोन्ही हातांत घेतला. त्यांच्या आईचा होता तो. मग घसा साफ करून म्हणाले की शेवटी माणूसच ते, वहिनींना बोल लावण्यात अर्थ नाही. स्वेटर त्यांनी टेबलावर ठेवला आणि आता याचं काय करायचं ते तुम्हीच बघा, असं सांगून ते निघून गेले. फोरमनला सुटल्यासारखं वाटलं. साधारण दोन दिवस वाटलं.

रविवारी सत्काराला तो गेला, न जाऊन चालणार नव्हतं. मास्तर साधा कोट घालून उभे राहिले आणि आज अंगावर आईचा स्वेटर का नाही, इथूनच त्यांनी भाषणाला सुरुवात केली. चाळीस वर्षं मुलांना धडा शिकवलेला माणूस, त्याला यातही धडा सापडला. आमच्या इमारतीत एक कसबी हात होता, ते म्हणाले, पण कसबी हातही एक दिवस थकतो, चुकतो, आणि आपण त्याला क्षमा करायची असते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या रांगेत फोरमननेही वाजवल्या. सगळे वाजवत असताना एकट्याने हात मांडीवर ठेवून बसणं बरं दिसलं नसतं.

सोमवारी फोरमनने सातही कपडे घरोघर पोहोचवले आणि तेव्हापासून क्षमेचा पूर आला. डॉक्टरीणबाईंना आपल्या कोटाची बाही जरा सैल वाटायला लागली. बिचाऱ्या वहिनी, शेवटी शेवटी त्यांना झेपत नसणार, असं त्या तिसऱ्या मजल्यापर्यंत सांगून आल्या. विमा एजंटाचं एक बटण लोंबत होतं. ते दोन वर्षांपासून लोंबत होतं, पण आता त्यालाही कारण मिळालं. कुणाच्या शालीचा रंग उतरला होता, कुणाच्या स्वेटरला वास येत होता. तीस वर्षांत तिच्या हातून एक टाका बिघडला नव्हता, आणि सात दिवसांत इमारतीतल्या प्रत्येक कपाटातलं प्रत्येक भोक तिच्या नावावर जमा झालं. आणि सगळे मोठ्या मनाने माफ करत होते. शिव्या घातल्या असत्या तर फोरमनने भांडण तरी केलं असतं. माफीशी भांडता येत नाही.

त्याला रात्रीचं जेवण जाईना. ती असती तर काय म्हणाली असती, याचा विचार तो टाळत होता, कारण उत्तर माहीत होतं. ती काहीच म्हणाली नसती. टब घासून भिंतीला उभा केला असता.

शेवटी एका सकाळी जिन्यात सगळे भेटले, तेव्हा त्याने सांगून टाकलं. स्वेटर तिने नाही, मी धुतला. मशीनमध्ये. साठ अंशांवर. ती गेल्यावर सोळाव्या दिवशी. माझी चूक, तिची नाही. एका दमात बोलला आणि कठड्याला धरून उभा राहिला.

मग विमा एजंटाने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"नवरा असावा तर असा," तो म्हणाला. "गेलेल्या बायकोचा दोष स्वतःच्या अंगावर घेणारा माणूस मी आज पहिल्यांदा बघितला."

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि आमच्या ह्यांना हे ऐकवायला हवं, असं म्हणाल्या. फोरमनने पुन्हा सांगितलं. जितक्या जोराने सांगितलं तितकी त्याची कीर्ती वाढली. खोटं बोलला तेव्हा एका मिनिटात विश्वास बसला होता. खरं बोलला, तर लोक त्याला थोर म्हणून मोकळे झाले आणि तिचा हात थरथरतच राहिला.

विश्वास ठेवला तो एकाने. पट्टा झालेला मफलर द्यायला फोरमन फाटकावर गेला आणि त्याने माफी मागितली. रखवालदाराने मफलर कानांवर बांधून पाहिला. गळ्यापर्यंत पोहोचत नव्हता.

"काकूंनी केलं म्हणत होते वरचे," तो म्हणाला. "मी म्हटलं, शक्य नाही. काकू चारी बाजूंनी ओढून बघितल्याशिवाय कपडा हातात द्यायच्या नाहीत. तुम्हीच केलं असणार."

फोरमनला त्याच्या पायाच पडावंसं वाटलं. पण रखवालदाराचं मत इमारतीत कुणी विचारत नव्हतं. त्याला गाड्यांचे नंबर विचारत.

आता निदान तो स्वेटर तरी जमेल तेवढा सरळ करावा, म्हणून फोरमनने मेहुणीला विचारलं. तिला धुण्यातलं फारसं कळत नव्हतं, पण ताईचे कागद बघा, एवढं ती म्हणाली. कसले कागद? पलंगावर पसरायची ते. फोरमनला ते कागद माहीत होते. गादी ओली होऊ नये म्हणून बायको ओल्या कपड्याखाली जुनी वर्तमानपत्रं घालते, असं तो तीस वर्षं समजत होता. कपाटावर सुतळीने बांधलेली गुंडाळी होती. त्याने ती सोडली आणि जमिनीवर अंथरली.

वर्तमानपत्रांची पानं एकमेकांना चिकटवलेली होती. प्रत्येक मोठ्या कागदावर एका कपड्याची आकृती, पेन्सिलीने काढलेली, बाह्या पसरलेली. कपडा पहिल्यांदा आला की धुण्याआधी ती तो कागदावर ठेवून भोवती रेघ मारायची. धुऊन झाला की त्याच कागदावर पातळ प्लास्टिक टाकून ओला कपडा त्यावर पसरायचा आणि बोटांनी हळूहळू सारत त्या रेघेपर्यंत आणायचा. म्हणून तिच्याकडचा कपडा कधी आटत नव्हता. त्यात जादू नव्हती. रेघ होती.

आणि रेघेच्या आत तिच्या अक्षरात लिहिलेलं होतं. मास्तरांच्या कागदावर: खरी लोकर, जुनी, कोपरं जपणे, डावी बाही मुळातच अर्धा इंच लांब. खाली दर वर्षीच्या तारखा, ज्या दिवशी धुतला त्या. शेवटची तारीख गेल्या वर्षीची. या वर्षीची नव्हतीच. रखवालदाराच्या कागदावर: खरी लोकर, उत्तम, त्याला माहीत नाही. मग डॉक्टरीणबाईंचा कोट. तिथे लिहिलं होतं: लोकर नाही. बोलायचं नाही. विमा एजंट: लोकर नाही. बोलायचं नाही. सातही कागदांवर तेच, आणि प्रत्येक ओळीला लागूनच तारखा. नायलॉनच्या त्या सात कपड्यांना तिने दर वर्षी तेवढंच कोमट पाणी दिलं होतं, तेवढाच गुडघा टेकला होता, तेवढीच पलंगाची बाजू दिली होती. आणि फोरमनलाही कधी सांगितलं नव्हतं. तो जिन्यात बोलून बसला असता, हे तिला माहीत होतं.

फोरमन जमिनीवर बसला होता. बराच वेळ तो तिथून उठला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने मास्तरांचा कागद घेतला आणि दुसरा मजला गाठला. मास्तर लेखी पुरावा मानणारे. त्यांनी चष्मा लावला, तारखा वरून खाली वाचल्या, खालून वर वाचल्या. डाव्या बाहीचा अर्धा इंच वाचून ते थांबले. आईचा हात डावीकडे सैल चालायचा, ते म्हणाले, हे घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मग त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे खरंच तुम्ही."

"मीच."

"आणि मला सांगितलंत ते?"

"घाबरलो."

मास्तरांनी त्याला वर्गात उभं करावं तसं दहा मिनिटं उभं केलं. लोकर, उष्णता, सत्य, पौरुष, सगळे विषय झाले. फोरमनने मान खाली घालून ऐकून घेतलं. हीच शिकवणी चुकवण्यासाठी त्याने सगळं केलं होतं, आणि ती काही फार अवघड गेली नाही. ती संपल्यावर त्याने एवढंच मागितलं की हे मास्तरांनी चारचौघांत सांगावं. आपलं कुणी ऐकत नाही, मास्तरांचं सगळे ऐकतात.

इथे मास्तर चुळबुळले. सांगायला हरकत नाही, ते म्हणाले. पण भाषणात आपण जाहीर बोलून गेलो आहोत. विद्यार्थी सत्काराच्या स्मरणिकेत भाषण छापणार आहेत. आता मुख्याध्यापकानेच उठून आपलं चुकलं म्हणायचं, तर त्याला योग्य वेळ बघावी लागते. इमारतीची सभा येऊ द्या, मी बघतो.

फोरमन परत आला. बाकीचे सात कागद घेऊन घरोघर जावं, असं त्याच्या मनात आलं. या वर्षीची तारीख कुठेच नाही, म्हणजे तिने या वर्षी कुणाच्याच कपड्याला हात लावलेला नाही. बाही सैल झाली असेल तर ती मशीनने झाली, नाहीतर मुळातच सैल असेल. दोन मिनिटांत तोंडं बंद झाली असती. पण तारखा आणि ते वाक्य एकाच ओळीत, एकमेकांत अडकलेली होती. त्याने कात्री घेऊन पाहिली. तारीख ठेवून वाक्य कापता येत नव्हतं. तिचं नाव सोडवायचं तर तिचा शब्द मोडायचा, आणि तिचा शब्द पाळायचा तर तिचं नाव अडकून राहतं. डॉक्टरीणबाईंच्या दारात कागद फडकवायचा मोह त्याला चांगलाच झाला. त्याने त्या सात कागदांची गुंडाळी करून सुतळी बांधली आणि ती कपाटावर ठेवली.

मग त्याने टब काढला. पाणी भरून त्यात कोपर बुडवलं. कोपराला नेमकं काय कळायला हवं हे त्याला कळेना, म्हणून आधी थर्मामीटर लावला आणि मग कोपर. मेहुणीने केस मऊ करायचं काहीतरी आणून दिलं, ते घालून स्वेटर भिजवला. टॉवेलात गुंडाळून गुडघा टेकला. मास्तरांच्या कागदावर पसरून बोटांनी सारायला लागला. पहिल्या दिवशी एक नखभर सरला. घाई केली असती तर धागा तुटला असता. बत्तीस वर्षं त्याने दाब वाढवायचंच काम केलं होतं, दाब न देण्याचं काम त्याला नवीन होतं. पाठ दुखायला लागली, तेव्हा त्याला तिची पाठ आठवली. तिने पाठ दुखते असं सांगितलं की तो म्हणायचा, मशीन कशाला आहे?

इमारतीची सभा महिन्याभराने झाली. मास्तर पाऊण तास बोलले. पाण्याची टाकी, गळका नळ, जिन्यातल्या चपला आणि शिस्त. शेवटी त्यांनी फोरमनकडे पाहिलं, घसा साफ केला आणि वेळेअभावी थांबतो म्हणाले. बाहेर पडताना पुढच्या सभेत नक्की, असं त्यांनी त्याच्या कानात सांगितलं. पुढची सभा सहा महिन्यांनी.

स्वेटर अजून पलंगावर तिच्या बाजूला आहे. रेघेपर्यंत पोहोचायला खालून चार बोटं आणि प्रत्येक बाहीला तीन बोटं कमी आहेत. रखवालदाराकडून मफलर परत आणलाय, पण त्याचं काम सुरूच झालेलं नाही. मास्तरांनी कुणाला सांगितलेलं नाही, आणि त्या सात घरांत स्वेटर तिनेच बिघडवला असं अजूनही समजतात.